मंगळवारी शिलाई बंद

पितृपक्षातला सोमवार, रात्र

गौरी-गणपतीची धांदल सरून पितृपक्ष लागला की आमच्या धंद्याला ओहोटी लागते. या पंधरवड्यात नवं कापड कुणी घेत नाही आणि घेतलंच तर शिवायला टाकत नाही. मशीनशेजारी श्रावणापासून साचलेली पिशव्यांची चळत आता कुठे खाली आली आहे. सर्वपित्री झाली की पुन्हा सुरू. आधी नवरात्राच्या नऊ रंगांचे ब्लाउज, मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. वर्षात श्वास घ्यावा असे दिवस म्हणजे हे पंधरा आणि पौषातले काही.

पण मशीन थांबली म्हणून मी थांबते असं होत नाही. अष्टमीला सासऱ्यांची तिथी, दुसऱ्या दिवशी अविधवा नवमीला आजेसासूबाईंचं पान. वडे, खीर, आमसुलाची चटणी, अळू, भेंडी, गवार, कारलं, भोपळा. पितरांचं करायला मला मनापासून आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र शिवणाचे मोकळे झालेले तास अलगद स्वयंपाकघरात गेले आणि त्यांना घरातले सगळे ‘सध्या हिला जरा निवांत आहे’ असं म्हणाले, हे मला लिहून ठेवायचं आहे.

केंद्र सरकारची २०२४ ची पाहणी आहे, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांमध्ये बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८. जवळजवळ पाच तास. आपला धंदा असलेल्या बाईचे हे पाच तास कुठल्याही बिलात येत नाहीत. धंदा मंदावला की ते वाढतात आणि धंदा वाढला की झोपेतून कापून निघतात. म्हणून ‘काम कमी कर म्हणजे आराम मिळेल’ हा सल्ला आम्हाला लागूच पडत नाही. शिवण कमी केलं तर मला घरकाम मिळतं.

मंगळवार

आज शिलाई बंद. गेल्या महिन्यापासून दर मंगळवारी बंद ठेवते आहे. दाराला पाटी लावली आहे आणि फोनवरच्या ग्रुपलाही कळवलं आहे.

रविवार का नाही, असं बऱ्याच जणी विचारतात. नोकरी करणाऱ्या बायकांना रविवारीच सवड असते. माप द्यायला, ट्रायल घ्यायला, फॉल-पिकोची साडी न्यायला त्या रविवारीच येतात. त्यांच्या सुट्टीवर माझा धंदा चालतो.

आणि ही रविवारची सुट्टीसुद्धा कुणी सहज दिलेली नाही. मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात नारायण मेघाजी लोखंड्यांचं नाव आलं, तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचते. मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबायचे. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळेवर पगार, या मागण्या लोखंड्यांनी १८८४ पासून लावून धरल्या. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला मिळालाच पाहिजे, असं ते म्हणत. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन गिरणी कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोघी काय बोलल्या असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. गिरणीतून सुटून चूल पेटवायला घरी जाणाऱ्या बायका होत्या त्या. सुट्टीचं मोल त्या सभेत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्यांच्या पुढ्यात मालक होता, मागायला कुणीतरी होतं. माझी मालकीण मीच. मागायचं तर कुणाकडे? कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात आठवड्याला ४८ तास, एक दिवस सुट्टी आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती लिहून ठेवली. नोकरदार बाईची पहिल्या दोन बाळंतपणांची भरपगारी रजा २०१७ साली २६ आठवडे झाली. घरातल्या पुढच्या खोलीत एक मशीन टाकून बसलेल्या बाईपर्यंत यातलं काही पोचत नाही. मुलगी तीन महिन्यांची होती तेव्हा पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी हूक लावत होते. आमच्या गल्लीत असं केलेली मी एकटी नाही.

आज दुपारी बेल वाजली. ‘घरीच आहेस ना, दोन हूक तर लावायचेत.’ मी बुधवारी या म्हटलं. काकूंना जरा लागलं असेल, पण त्या येतील. माझं घर आणि दुकान यांच्यात एकच पडदा आहे, आणि तो पडदा मलाच ओढून घ्यावा लागतो. मग मी मोती चौकापर्यंत चालत गेले. आधी वाटलं, गेलेच आहे तर अस्तर घेऊन यावं. नाही घेतलं. नुसती फिरले, रसवंतीत बसले आणि परत आले.

शुक्रवार

विसाव्याबद्दल कुणी बोललं की त्यात पैशाचं नाव निघत नाही. छंद जोपासा, सकाळी लवकर उठा, स्वतःला वेळ द्या. माझ्या मते खरा प्रश्न दराचा आहे. पगारदार माणसाच्या पगारात त्याची सुट्टी धरलेली असते. माझ्या शिलाईत ती धरलेली नव्हती. अस्तर, दोरा, हूक, वीज, मोटरची दुरुस्ती हे सगळं दरात होतं, पण ज्या दिवशी मी मशीनवर बसणार नाही त्या दिवसाची भाकरी त्यात नव्हती. म्हणून सुट्टी घेतली की नुकसान झाल्यासारखं वाटायचं. ते नुसतं मनाचं नव्हतं, हिशेबात खरोखरच नुकसान होत होतं.

हिशेब सोपा आहे. सात दिवसांचं सहा दिवसांत निघायला हवं, म्हणजे शिलाई एक षष्ठांशाने वाढायला हवी. अस्तराच्या साध्या ब्लाउजचे मी ४८० घेत होते, ते ५६० केले. तुरपाई, पायपिंग, लटकन यांचे दर त्याच प्रमाणात. माझ्या बाजूने बघितलं तर हे ८० रुपये म्हणजे मंगळवार.

काही गिऱ्हाइकं गेली. जाणार होतीच, कारण दोन गल्ल्या सोडून एक ताई ३५० मध्ये शिवून देतात आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्याही रात्री उशिरापर्यंत बसतात, त्यांच्या खिडकीतला दिवा मला दिसतो. आम्ही दोघींनी एकमेकींचा दर पाडत राहायचं ठरवलं तर दोघींनाही मंगळवार मिळणार नाही. नवरात्र झालं की त्यांच्याकडे जाऊन हे बोलायचं आहे. एकटीने दर धरून ठेवणं फार काळ जमत नाही. लोखंड्यांनाही दहा हजार माणसं जमवावी लागली.

थकव्याची किंमतही दरात येते, हे गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं की पटतं. पैठणीचा ब्लाउजपीस असतो मोजकाच. मुंढा अर्धा इंच खोल गेला की संपलं, टाका उसवता येतो पण कातरलेलं कापड जुळत नाही. म्हणून बेतणं आणि कापणं फक्त सकाळी, डोळे आणि मान ताजे असताना. दुपारी मशीन. संध्याकाळी हूक, लूप, तुरपाई, ज्यात हात चालतो आणि डोक्याला विसावा असतो. काळ्या कापडावर काळा दोरा रात्री नाहीच. असं लावून घेतल्यापासून उसवाउसव कमी झाली आणि तेवढ्याच तासांत काम जास्त निघायला लागलं. नव्याने शिवण शिकणाऱ्या मुलींना मी मापं घेण्याआधी हे शिकवते.

सर्वपित्रीच्या आदला दिवस

आज घरात बोलणं झालं. आईंना वाटत होतं मंगळवारी मी मोकळी, तर डाळींना ऊन दाखवावं, माळा उतरवावा. ह्यांनाही बँकेची कामं मंगळवारीच आठवत होती. मी वही काढून सगळ्यांना दाखवली. ऑर्डरच्या वहीत प्रत्येक मंगळवारच्या पानावर मी माझंच नाव लिहिलं आहे आणि समोर ‘घेतलेली ऑर्डर’ असं. दिलेली तारीख मी कुणाची मोडत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आई बराच वेळ ते पान बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘मी पापड लाटून संसार ओढला, मला असं काही सुचलं नाही गं.’ मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. माळा कधी उतरवायचा ते ठरलं : रविवारी संध्याकाळी, ह्यांनी आणि मुलीने. मंगळवारचा रात्रीचा स्वयंपाक ह्यांच्याकडे, पिठलं-भात का असेना.

नवरात्राच्या पिशव्या यायला लागल्या आहेत. एका शाळेतल्या बाई सहा जणींचं कापड एकदम घेऊन आल्या, सगळ्यांना घटस्थापनेच्या आत हवेत. मी चार घेतले आणि दोघींना पाचव्या माळेची तारीख दिली. बाईंनी दर विचारला, मी ५६० सांगितला. ‘मागच्या वेळेला कमी होता,’ त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, तेव्हा मी सातही दिवस बसायचे. त्यांनी मापाचे ब्लाउज पिशवीतून काढून टेबलावर ठेवले आणि आगाऊ रक्कम मोजून दिली.