अध्यक्षांच्या हातातली पेन्सिल

विधिमंडळात प्रतिवेदक म्हणून, म्हणजे सभागृहातली भाषणे शब्दशः उतरवून घेण्यात, माझी नोकरी झाली हे कळले की समोरचा माणूस, मग तो शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचा असो की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला, हमखास विचारतो, "इतकी वर्षे खुर्चीच्या पायाशी बसलात, मग खरे सांगा, अध्यक्ष निःपक्षपाती असतात का?" एरवी मी विषय बदलतो. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलेत, म्हणून लिहितो.

लोकांना पक्षपात मोठ्या प्रसंगी दिसतो. समसमान मते पडली तर अध्यक्ष काय करतील, असे ते विचारतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ नुसार अध्यक्ष एरवी मतदान करीत नाहीत, केवळ मते समान झाली तर निर्णायक मत देतात. पण असा प्रसंग क्वचितच येतो. मुंबई महापालिकेचे अध्यक्ष राहिलेले विठ्ठलभाई पटेल ब्रिटिश काळातल्या केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष असताना, १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयकावर मते समान पडली, तेव्हा त्यांनी विधेयकाविरुद्ध मत दिले. त्यांचे म्हणणे असे की, इतका असाधारण कायदा ज्याला हवा आहे त्याने सभागृहाचे बहुमत स्वतः मिळवावे, ते अध्यक्षाकडून उसने मागू नये. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी स्वराज्य पक्षही सोडला होता.

माझ्या वहीत असे प्रसंग नाहीत; तिच्यात मिनिटे आहेत. एक पीठासीन अधिकारी, म्हणजे खुर्चीवर बसून सभागृह चालवणारे (नाव सांगत नाही, ती सवयच लागलेली नाही), लक्षवेधी सूचनेवरील चर्चेच्या वेळी बोलू इच्छिणाऱ्यांची नावे हात वर होतील त्या क्रमाने स्वतः लिहून घेत आणि एकेकाचे बोलणे झाले की पेन्सिलने खूण करीत. एका दुपारी त्यांच्याच पक्षाचे एक ज्येष्ठ सदस्य, त्यांचे जुने स्नेही, नाव न देता बोलायला उभे राहिले. "आपण बसावे, आपले नाव माझ्याकडे नाही," एवढेच ते म्हणाले आणि पहिल्यांदाच निवडून आलेल्या, पक्षाचा एकुलता एक आमदार असलेल्या एका तरुणाला त्यांनी पुकारले. गोंगाट झाला. तो शमेपर्यंत त्यांनी त्या तरुणाचा वेळ मोजला नाही. छापील कार्यवाहीत त्या जागी कंसात "अडथळा" एवढाच शब्द आहे.

दुसऱ्या एका अधिकाऱ्यांचा कोणताही निर्णय चुकीचा म्हणून दाखवता येणार नाही, कारण कामकाज नियमांनुसार नाही अशी अडचणीची हरकत कोणी घेतली की ते "मी तपासून निर्णय देतो" असे म्हणत आणि अधिवेशन संस्थगित होई. माझे मत असे झाले आहे की, अध्यक्षांचा कल निर्णयात शोधू नये, निर्णय कधी येतो त्यात शोधावा.

पक्षांतरबंदीच्या बाबतीत तर हे उघडच आहे. १९८५ मध्ये राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीने पक्ष बदलणाऱ्या आमदारांच्या अपात्रतेचा निवाडा अध्यक्षांकडे सोपवला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तो अधिकार कायम ठेवला, पण अध्यक्षाचे पद सभागृहातील बहुमतावर अवलंबून असल्याने त्याला स्वतंत्र निवाडा करणारा म्हणता येणार नाही, असे अल्पमतातील न्यायमूर्तींनी लिहिले. मला ते अल्पमत पटते. आपल्याकडे शिवसेनेच्या फुटीनंतर २०२२ मध्ये दाखल झालेल्या अपात्रतेच्या याचिकांवर अध्यक्षांचा निर्णय आला तो १० जानेवारी २०२४ रोजी, आणि दोन्ही गटांतील एकही आमदार अपात्र ठरला नाही. दोष एकाच बाजूला द्यायचा नसेल तर हेही सांगायला हवे की, त्याआधी फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत अध्यक्षपदच रिकामे होते, आणि त्याच काळात बारा आमदारांचे केलेले वर्षभराचे निलंबन न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले.

त्याच दहाव्या अनुसूचीत अशीही सोय आहे की, अध्यक्षपदी निवड झाल्यावर पक्ष सोडणारा त्यामुळे अपात्र ठरत नाही. ही सोय येण्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभेचे अध्यक्ष होताच काँग्रेस सोडली. ती वाट पुढे फारशी कोणी धरली नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. ब्रिटनमध्ये अध्यक्षाच्या मतदारसंघात मोठे पक्ष सहसा उमेदवार देत नाहीत. आपल्याकडे अध्यक्षालाही पाच वर्षांनी तिकीट मागायला त्याच दारात जावे लागते.

तेव्हा माझे उत्तर असे: माणूस निःपक्षपाती राहू शकतो, मी पाहिला आहे, परंतु व्यवस्था त्याच्याकडून तशी अपेक्षा करीत नाही. अपात्रतेचे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावे, यावर संसदेने विचार करावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सुचवले आणि अशा याचिका एरवी तीन महिन्यांत निकाली निघाव्यात असेही म्हटले. हे मी कट्ट्यावर सांगितले तेव्हा एकाने विचारले, "मग अध्यक्षांच्या हातात राहील काय?"

नावांची यादी राहील आणि पेन्सिल.