तुम्ही विचारलंत म्हणून: खाजेवर कोणतं तेल?

"भाऊ, खाजीले कोन्तं तेल देता जी?" वर्धा जिल्ह्यात सेलूजवळ आमचा घाणा आहे, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच. कापूस वेचणीच्या दिवसांत जरा जास्त. बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली बोटं, त्यात कोरडी थंडी आणि धुऱ्यावरचं गाजरगवत.

मी आधी हात बघतो. कातडी नुसतीच उललेली, पांढरी पडलेली असेल तर खोबरेल सांगतो. ते आमच्या घाण्यावर निघत नाही, म्हणून बायको कपाळावर हात मारून घेते. आंघोळीनंतर अंग टिपून, जरा ओलसर असतानाच लावायचं. तेल कातडीला पाणी देत नाही, आहे ते उडू देत नाही, एवढंच त्याचं काम. करडईचंही चालतं. जवसाचं मात्र नको. ते हवेत सुकतं आणि चिकट पापुद्रा धरतं, लाकडाला लावतात ते त्यासाठीच. निंबोळीचं हवंच असेल तर चमचाभर खोबरेलात दोन-तीन थेंब, तेही आधी कोपराच्या आत लावून एक दिवस थांबून. लेकरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

"झाडाचंच तं हाय, काय करते ते?" असं कुणी म्हटलं की मी डावा घोटा दाखवतो. शाळेत असताना टाचेत काटा मोडला होता. आजीनं बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, काळं तेल सुटलं, ते टाचेला लावलं. एक ओघळ घोट्यावर गेला. दुसऱ्या दिवशी तिथं पाण्यानं भरलेले फोड, आणि खाज अशी की रात्रभर खाटेच्या सुतळीवर पाय घासत होतो. बिब्बा उतला. मग आजीनंच खोबरं वाटून बांधलं. डाग अजून आहे, आणि तोही झाडाच्याच तेलाचा.

गोल चट्टा, कडा लाल, मधे साफ, म्हणजे गजकर्ण. ती बुरशी आहे, तेलानं जात नाही. मेडिकलमधून विचारून आणलेल्या ट्यूबमध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग चट्टा मांडीभर होतो. गाजरगवताची खाज असेल तर तेल लावून पुन्हा उघड्या हातानं निंदायला गेलात की सगळं पाण्यात. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, आणि ते गवत फुलावर यायच्या आत उपटणं, याला पर्याय नाही.

परवा शेजारच्या वावरातली काकू आली. मनगटावरून पाणी झिरपत होतं, कडेला पिवळी खपली. मी बाटली मागे ठेवली, म्हटलं, काकू, आधी कातडीच्या डॉक्टरकडे. "तेल इकाले बसला अन् तेलच देत नाही," ती चिडली. जाताना चटणीसाठी पावशेर जवसाचं मात्र घेऊन गेली.