गोषवाऱ्याचे २५० शब्द

७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरील ख्यालगायनाविषयी (ख्याल हा रागसंगीतातला एक गायनप्रकार) मी शोधनिबंध लिहीत होते आणि एका परिसंवादासाठी त्याचा २५० शब्दांचा गोषवारा पाठवायचा होता. निबंध जवळजवळ तयार असल्यामुळे हे काम एका बैठकीत उरकेल, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तीन आठवडे गेले, आणि पहिला मसुदा तर दुरुस्तीसाठी परतच आला.

त्या मसुद्यात १९०२ साली कलकत्त्यात झालेली गायिका गौहर जान यांची ध्वनिमुद्रणे होती, ख्यालाची परंपरा होती, रागसंगीताच्या थोरवीची दोन वाक्येही होती. मला काय सापडले, याविषयी मात्र शेवटी ‘निष्कर्षांची चर्चा करण्यात येईल’ एवढेच. परीक्षकांनी समासात विचारले होते, ‘निष्कर्ष कोठे आहे?’ शेरा मला जरा उर्मट वाटला. मग शब्द मोजले, तेव्हा १४० शब्द नुसत्या पार्श्वभूमीत गेलेले दिसले.

दुसऱ्या वेळी मी निष्कर्षापासूनच सुरुवात केली: तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे, तरी मी तपासलेल्या ध्वनिमुद्रणांत अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) गाळलेला नाही, काटछाट आलापात (मोकळ्या स्वरविस्तारात) झाली, बंदिशीत (बांधलेल्या गीतात) नाही. या एका वाक्याला दोन दिवस लागले, कारण आपला निष्कर्ष नेमका काय, हे तोवर माझे मलाच उमगलेले नव्हते. ते जमल्यावर पार्श्वभूमी एका वाक्यात आटोपली आणि कोणती ध्वनिमुद्रणे निवडली, का निवडली, लय कशी मोजली, हे सांगायला जागा मिळाली.

विशेषणांनी मात्र फार छळले. गोषवाऱ्यात गाणे ऐकवता येत नाही, म्हणून ‘भावपूर्ण’, ‘अद्वितीय’ असे शब्द नकळत घुसतात. ‘तानांची विलक्षण बरसात’ खोडून मी ‘दुसऱ्या मिनिटापासून ताना सुरू होतात’ असे लिहिले. परीक्षक ख्यालाचे जाणकार असतीलच असे नाही, म्हणून ‘बढत’ हा शब्द ठेवून त्यापुढे ‘रागाचा टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार’ एवढा खुलासा जोडला; ‘उपज’ (गाताना आयत्या वेळी सुचलेला विस्तार) मात्र काढूनच टाकली, कारण युक्तिवादाला तिची गरज नव्हती.

गोषवारा २३१ शब्दांत बसला आणि स्वीकारला गेला. त्यातल्या पहिल्या वाक्याशी काहीही संबंध नसलेला निबंधाचा तिसरा विभाग मात्र नंतर मला मुकाट्याने वगळावा लागला.