असईचं घोडदळ जागेवर थांबेना

नेपोलियनच्या काळातला वॉरगेम, म्हणजे खरी लढाई पटावर सोंगट्यांनी खेळायचा खेळ, करायचा म्हटलं की सगळे वॉटर्लूकडे धावतात. मी असई घेतली. २३ सप्टेंबर १८०३, आजचा जालना जिल्हा, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज आणि समोर आर्थर वेलस्ली, म्हणजे वॉटर्लूवाला वेलिंग्टनच. नकाशा झाला, पायदळाच्या सोंगट्या झाल्या, डाव चालायला लागला. अडलं ते घोडदळापाशी, आणि तिथे जो वेळ गेला त्याची चिडचिड अजून उतरलेली नाही. या लढाईवर किंवा अशाच दुसऱ्या लढाईवर कुणी गेम करत असेल तर त्याचा वेळ वाचावा म्हणून लिहितेय.

पायदळ सोपं असतं. एक सोंगटी म्हणजे एक पलटण, एक षट्कोन म्हणजे साधारण दीडशे मीटर, एक फेरी वीस मिनिटांची. वेलस्लीकडे ७४वी आणि ७८वी या दोन हायलँडर पलटणी, मद्रासच्या शिपायांच्या पलटणी, १९वी ड्रॅगून्स ही गोऱ्या घोडेस्वारांची रेजिमेंट आणि मद्रासच्या घोडदळाच्या तीन रेजिमेंटा. शिंद्यांकडे हॅनोव्हरचा अँथनी पोलमन आणि त्याचा कंपू, म्हणजे कवायती पलटणींची ब्रिगेड, दुपों या दुसऱ्या युरोपीय अधिकाऱ्याचा कंपू, शिवाय सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी. कवायती पायदळ दहा-अकरा हजारांच्या घरात. यांची ताकद ठरवताना कुठलाही एक आकडा देव मानू नका. ‘उत्तम, बरी, कच्ची’ अशा तीन प्रती पुरतात.

घोडदळ मात्र इंग्रजांच्या अंदाजाने ३० ते ४० हजार. त्यात पेंढारीही आले. पाचशे स्वारांना एक सोंगटी धरली तर पटावर पायदळ ठेवायला जागाच उरत नाही, म्हणून दोन हजारांना एक केली. पहिल्याच डावात माझ्या दिराने शिंद्यांची बाजू घेतली, दुसऱ्या फेरीला ते सगळं घोडदळ केळणेपार नेलं आणि वेलस्लीच्या पाठीत घातलं. चहा व्हायच्या आत लढाई संपली. मी म्हटलं, असं झालं नव्हतं. तो म्हणाला, “वहिनी, मग एवढे घोडे दिलेत कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. प्रत्यक्षात त्यातलं बहुतेक घोडदळ दिवसभर बघत राहिलं होतं. पण खेळणाऱ्याला ‘तू बघत राहा’ असं कसं सांगणार?

आधी सरळ मनाईचा नियम लिहिला: शिंद्यांचं घोडदळ केळणा ओलांडणार नाही. हा नियम कुणीच सहन करत नाही, आणि बरोबरच आहे. नदीकाठी समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये नदी ओलांडायला उतार असणारच, या एका अंदाजावर वेलस्लीने अख्खी फौज पार नेली. तोच उतार शिंद्यांच्या घोड्यांना बंद का? मग फाशाचा नियम आणला. पाच किंवा सहा पडले तर घोडदळ हलेल. त्याने एवढंच झालं की वेलस्ली दुसऱ्याऐवजी चौथ्या फेरीला मेला. लढाईऐवजी लॉटरी.

या टप्प्यावर सगळ्यांनी सल्ला दिला की घोडदळ काढूनच टाक. मला ते पटेना. केळणेच्या दक्षिणेला म्हैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळ वेलस्लीने मागे ठेवलं होतं ते याच स्वारांवर नजर ठेवायला. समोरचं काढलं की तेही काढावं लागतं, आणि मग असई उरत नाही, कवायत उरते.

मग नियमपुस्तक आणि सोंगट्यांचा एक संच बाहेरच्या एका गटाला दिला, मी समोर नसताना खेळून बघा म्हणून. ही परीक्षा घ्यावीच लागते, कारण आपण शेजारी बसलो की नियमातली भोकं आपण तोंडाने बुजवतो. गट अनुभवी होता, आपणहून तयार झाला होता. त्यानंतर ‘या रविवारी नक्की’ हे इतक्यांदा वाचलं की रविवार उजाडला की मी फोन उलटा ठेवायची. पावसाळा गेला, गणपती गेले. शेवटी अभिप्राय आला: “मस्त आहे! फक्त मराठ्यांना थोडं बळ द्या.” किती फेऱ्या झाल्या, कोण जिंकलं, कुठे अडलं, अक्षर नाही. खोदून विचारल्यावर कळलं की घोडदळाचा नियम किचकट वाटला म्हणून त्यांनी गाळला होता. म्हणजे ज्या एका नियमासाठी संच दिला तोच सोडून बाकी सगळं तपासून झालं. संच परत आला तेव्हा ७८वी हायलँडर्स त्यात नव्हती.

तेव्हा संचासोबत प्रश्नांचा कागद द्या आणि परत करायची तारीख आधीच ठरवून घ्या. नियमपुस्तकाच्या प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांकही छापा, नाहीतर पान चार जुन्या मसुद्याचं आणि पान पाच नव्या, असं होऊन बसतं.

वाट बघताना एक बरं झालं. घोडदळ का लढलं नाही, हे मी नियम बाजूला ठेवून पुन्हा वाचत गेले. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा पडला की पोट गेलं. भरलेल्या बंदुका आणि संगिनी रोखून उभ्या असलेल्या अभंग रांगेवर तो घोडा कशाला घालेल? पण असई गावासमोर तोफांनी आणि गावातून होणाऱ्या गोळीबाराने ७४वी विस्कटली, तेव्हा हेच स्वार तिच्यावर आले. मॅक्सवेलच्या हाताखालचं इंग्रज घोडदळ धावून गेलं म्हणून तिच्यातले काही वाचले.

मग मनाई काढली आणि किंमत लावली. शिलेदारांच्या सोंगटीची ताकद अभंग रांगेसमोर एक, विस्कटलेल्या पलटणीसमोर सहा. आणि गमावलेल्या प्रत्येक सोंगटीमागे इंग्रजांना दोन पलटणींइतके गुण. दिराला काही न सांगता कागद पुढे ठेवला. त्याने बोटांवर हिशेब केला आणि सगळे घोडे भोकरदनच्या बाजूला नेऊन उभे केले. सहाव्या फेरीला ७४वी मोडली तेव्हा तीन सोंगट्या तिच्यावर सोडल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवला.

बाकीचं आठवेल तसं. प्रत्येक तोफेला सोंगटी करू नका. इंग्रजांनी ९८ तोफा पकडल्या, यावरून मूळ पसारा लक्षात येईल. तोफा पलटणींच्या गटाने ठेवा, पण एक नियम हवाच: इंग्रज पायदळ तोफांवरून पुढे गेलं की सोंगटी उलटी करायची, आणि पुढच्या फेरीला एक किंवा दोन पडले तर पुन्हा सुलटी. कारण तोफा चालवणारे मराठा गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि रांग पुढे गेल्यावर उठून तिच्या पाठीवर मारा करू लागले. त्या तोफा परत घ्यायला वेलस्लीला ७८वी मागे फिरवावी लागली. हा नियम लहान मुलांना फार आवडतो.

इंग्रजांच्या तोफांना बैल होते आणि ते पहिल्या माऱ्यातच पडले. म्हणून त्या सोंगट्या तिसऱ्या फेरीनंतर हलत नाहीत. पोलमनने ऐन वेळी अख्खी रांग नव्वद अंशांत फिरवली, त्याला वेगळा नियम नको. कवायती पलटणींना वळायचा खर्च कमी ठेवला की ते आपोआप होतं. पुठ्ठा दोन मिलिमीटरचा घ्या, आणि सोंगट्या लॅमिनेट करू नका, चळतीतून घसरतात.

राहिला तो “आपण हरायचंच का” हा प्रश्न. तो प्रत्येक डावाला येतो. वेलस्लीच्या रांगेत नियमित फौज होती सुमारे ४,५००. त्यातले ४२८ मेले आणि १,१३८ जखमी झाले. म्हणून इंग्रजांचे एक तृतीयांशाहून जास्त लोक पडले की माझ्या गुणपत्रकात मराठ्यांना मोठी बेरीज मिळते, आणि खरी असई त्यावर मांडली तर इंग्रज जेमतेम जिंकतात. एवढ्याने समाधान होत नसेल त्यांनी घोडे सोडून पोलमनच्या पलटणी नीट खेळाव्यात. दीर परवा तसाच जिंकला.