सोलर दोन दिवसांत बसलं, नेट मीटरला 47 दिवस लागले

छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवायला दोन दिवस लागले. ते सुरू करायची परवानगी आणि नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, मिळायला 47. मीटर लागून आता बरेच महिने झाले, तरी तो राग गेलेला नाही.

बसवणारी मुलं कामाला चोख होती. अडलं ते कागदावर. वीजबिल अजून वडिलांच्या नावावर होतं. ते जाऊन सहा वर्षं झाली, पण बिल वेळेवर भरलं जात होतं, त्यामुळे नाव बदलायचं कधी सुचलंच नाही. मी अर्ज माझ्या नावाने भरला. अकरा दिवस तो नुसता ‘प्रलंबित’ दिसला आणि मग ‘नावात तफावत’ असा शेरा मारून परत आला. नाव बदलायचा अर्ज वेगळा, खिडकी वेगळी, आणि ते होईपर्यंत मीटरचा अर्ज जागचा हलत नाही. नाव बदललं, तर मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने घराला मंजूर केलेली विजेची मर्यादा, दोनच किलोवॅट निघाला; तीन किलोवॅटच्या सोलरला तो कमी पडला. पुन्हा फॉर्म, पुन्हा रांग. पहिल्याच दिवशी कुणी माझं बिल दोन मिनिटं हातात घेतलं असतं, तर दोन्ही गोष्टी तिथेच कळल्या असत्या! पुढे मीटर तपासणीला गेला आणि तिथे पडून राहिला. दर खेपेला उत्तर एकच, “पुढच्या आठवड्यात बघा.”

मी रोज सकाळी छतावर जायचो. पॅनलच्या काचेवर दव असायचं. दहा वाजता हात लावला की चटका बसायचा. एवढं ऊन अंगावर घेऊन पॅनल नुसती पडून, आणि खाली पंखा कोळशाच्या विजेवर फिरतोय. आता आम्हाला रोज सरासरी 12 युनिट मिळतात. त्या हिशोबाने 47 दिवसांत 560 च्या वर युनिट वाया गेली. कोळशापासून एक युनिट वीज करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त, फक्त एक कागद पुढे सरकला नाही म्हणून.

त्यामुळे पॅनलची चौकशी करायच्याही आधी बिलावरचं नाव आणि मंजूर भार तपासा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. माझ्याकडे ती होती म्हणूनच मीटर तपासणीत अडकल्याची लेखी तक्रार करता आली, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी मीटर आला.

आणि हो, त्याच्याही आधी विजेचा वापर कमी करा. आम्ही बल्ब काढून एलईडी लावले, जुना फ्रिज बदलला, तेव्हा पाचाऐवजी तीन किलोवॅट पुरले. तेवढी काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन वाचलं. पॅनल बनवायला लागलेली ऊर्जा एक-दोन वर्षांत भरून निघते हे खरं, पण गरज नसलेलं पॅनल बनवायचंच कशाला?

मीटर लागला त्या दुपारी घरातलं सगळं बंद करून मी त्याच्यासमोर उभा राहिलो. बाहेर जाणाऱ्या विजेचा आकडा 0.0 चा 0.1 झाला. तो फोटो अजून फोनमध्ये आहे.

एक राहिलं. पॅनलच्या मागचे सिरीयल नंबर फॉर्ममध्ये लागतात. पॅनल बसवायच्या आधीच त्यांचे फोटो काढून ठेवा, नाहीतर माझ्यासारखं टॉर्च घेऊन खाली उताणं सरकावं लागेल.