राजाराम बंधारा, पहाटे ३.४०

"मोबाईल सोडतच नाही बघा मॅडम. रात्री दोन-दोन वाजतात त्याला." नववीतल्या मुलाची आई सांगत होती. शाळेतल्या समुपदेशकाला हे वाक्य आठवड्यातून चारदा ऐकू येतं. गेम, रील्स, फार तर एखादी मैत्रीण, असे अंदाज मी मनात बांधूनही टाकले. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोल्हापुरात चार दिवस झड लागलेली. (ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.)

आई बाहेर गेल्यावर त्यानं दप्तरातून दोनशे पानी वही काढली. पट्टीनं आखलेले रकाने: वेळ, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, पाण्याखालचे बंधारे, राधानगरी धरणाचे उघडे दरवाजे. शेवटची नोंद पहाटे ३.४० ची, ३७ फूट २ इंच. आईला रात्रीचे दोनच ठाऊक होते.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ह्यानं त्यापुढचंही लिहिलं होतं. ४५ ला गोठा. ४७ ला चूल. ५० ला माझं कपाट.

घर पूररेषेतलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो तिसरीत होता. बोटीत बसायच्या आधी वडिलांनी दोन्ही म्हशींची दावी कापली. एकच परत आली. हे सांगताना तो माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होता.

मग मी चूक केली. म्हटलं, "अरे, असा पूर शंभर वर्षांत एखादा येतो."

त्यानं वहीचं शेवटचं पान उघडलं. २००५, २०१९, २०२१. "मॅडम, शंभर वर्षं कुठनं मोजायची?"

उत्तर नव्हतं. पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या चमूनं २०१७ मध्ये दाखवलं होतं, की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीनं वाढल्यात. हे मी वाचलेलं होतं, आणि तरी त्याला लहान मूल समजून चुचकारत होते. सवयीनं श्वासाचा व्यायामही सुरू केला. त्यानं चार आकडे मोजून श्वास घेतला, सोडला आणि विचारलं, "पाणी आल्यावर ह्याचा काय उपयोग?"

२०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार जणांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं, भारतही त्यात होता. ५९ टक्क्यांनी हवामानबदलाची खूप किंवा अतोनात काळजी वाटते असं सांगितलं. तो आकडा मी एका प्रशिक्षणात स्लाइडवर दाखवलाय. तेव्हा ही काळजी बर्फ, अस्वलं, समुद्र अशी कुठंतरी लांबची वाटायची. इथं ती फूट-इंचात मोजून माझ्या टेबलावर पडली होती.

आईला आत बोलावलं. विचारलं, "पाणी वाढलं तर आधी काय हलवायचं, कधी, कुठं, हे घरात ठरलंय का?"

"त्यात काय ठरवायचं? येईल तवा बघू की."

पोरानं झटकन मान वर केली. तेव्हा मला कळलं, हा रात्रभर मोबाईल बघत नव्हता, राखण करत होता. घर निवांत झोपायचं, कारण हा जागा होता. आणि हा जागा होता, कारण बाकी सगळे झोपायचे.

पुढचा पाऊण तास वहीच्या कोऱ्या पानावर गेला. ३९ फुटांना म्हैस उंचावरच्या पाहुण्यांकडे. कागदपत्रं, दाखले प्लास्टिकच्या पिशवीत, आजच. पातळीची नोंद सकाळी सात आणि संध्याकाळी सात, ती त्याची. रात्रीची वडिलांची. झोप आणि भूक आठवड्यात सुधारली नाही तर डॉक्टरांकडे जायचं, हे आईला वेगळं सांगितलं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यानं वहीत लिहून घेतला, पाटबंधारे खात्याच्या नंबराखाली.

तिसऱ्या दिवशी वडिलांचा फोन. आवाज जड, झोप न झालेला. "मॅडम, ते रात्रीचं खरंच मीच बघायचं व्हय?"

"हो दादा. तो झोपतोय का?"

"झोपतोय की. सकाळी उठवायला लागलं." मग जरा थांबून, "पण म्हशीचं अडलंय. ही म्हणती माझ्या माहेरी न्या, मी म्हणतोय बहिणीकडं. पोरगं म्हणतंय दोन्हीकडचं उंचीनं मोजून सांगतो."