कराडचे यशवंतराव आमचे कसे?

मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी गेली बारा वर्षं रविवारी राज्यशास्त्राचे तास घेतो. समोर बसलेले असतात सातपूरच्या कारखान्यातले कामगार, शहर बसचा कंडक्टर, पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकिंगला जाणाऱ्या बाया, एखादी अंगणवाडी सेविका. दरवर्षी सुरुवातीच्या एखाद्या तासाला कुणीतरी हमखास विचारतं, ‘सर, यशवंतराव चव्हाण तर कराडचे. मग विद्यापीठाला त्यांचं नाव आणि विद्यापीठ नाशिकला, असं कसं?’ बाहेरगावचे पाहुणेही गंगापूर धरणाकडे जाताना विद्यापीठाची पाटी वाचून हेच विचारतात. वर्गात पाच मिनिटांत उत्तर उरकावं लागतं आणि घरी जाताना वाटतं, खरं सांगायचं ते राहूनच गेलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून बैठक मारून सांगतो.

आधी एक खुलासा. नाशिकच्या जुन्या माणसाला नुसतं ‘यशवंतराव’ म्हणालात तर त्याला दुसरेच आठवतील. गोदाकाठच्या पटांगणावर ज्यांचं मंदिर आहे ते देवमामलेदार यशवंतराव महाराज. सटाण्याला मामलेदार असताना १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी लोकांसाठी खुला केला. सरकारी माणसाला लोकांनी देव मानलं, असं हे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं नातं समजून घेताना मला हे लक्षात ठेवावंसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मालेगावकडच्या एका विद्यार्थ्यानं हाच प्रश्न जरा रागानं विचारला होता. ‘आमच्या भाऊसाहेबांना पाडलं त्यांनी. त्यांचं नाव आपण का मिरवायचं?’ वर्गातल्या निम्म्यांना कोण भाऊसाहेब हेच ठाऊक नव्हतं. निमगावचे भाऊसाहेब हिरे हे त्या काळात उत्तर महाराष्ट्राचे सर्वांत मोठे नेते. ते महसूलमंत्री असताना कसेल त्याची जमीन करणारा कूळकायदा झाला. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा सातबारा त्यांच्यामुळे बदलला. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्याचा नेता निवडायची वेळ आली तेव्हा सामना झाला तो यशवंतराव आणि भाऊसाहेब यांच्यात. यशवंतरावांना ३३३ मतं पडली, भाऊसाहेबांना १११. १ नोव्हेंबरला यशवंतराव मुख्यमंत्री झाले, वय त्रेचाळीस. आमच्या जिल्ह्याच्या माणसाच्या हातून ती खुर्ची गेली ती कराडच्या माणसाकडे. मालेगावचा तो पोरगा खोटं बोलत नव्हता, आणि मी त्याला तसं सांगितलंही. भाऊसाहेब १९६१ साली गेले.

आता पुढचं ऐका. १९६२च्या नोव्हेंबरात चीननं ईशान्येला भारताचं सैन्य मागं रेटलं. कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि नेहरूंनी मुंबईहून यशवंतरावांना बोलावून घेतलं. महाराष्ट्र राज्य होऊन अडीच वर्षं झाली होती. पहिले मुख्यमंत्री म्हणून त्यांची घडी नुकती बसत होती. जिल्हा परिषदा त्याच वर्षी १ मे रोजी सुरू झाल्या होत्या, औद्योगिक विकास महामंडळ ऑगस्टमध्ये उभं राहिलं होतं. हे सगळं टाकून ते हरलेल्या सैन्याचे मंत्री व्हायला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण भाषणांत इतकं घासलंय की त्यातला धोका आता जाणवत नाही. दिल्लीत त्यांचा गट नव्हता, संरक्षण खात्याचा अनुभव नव्हता, लोकसभेत जागाही नव्हती.

ती जागा नाशिकनं दिली. १९६३ साली इथं पोटनिवडणूक लागली, यशवंतरावांनी अर्ज भरला आणि त्यांच्याविरुद्ध कुणीही उभं राहिलं नाही. ते बिनविरोध निवडून आले. ३३३ विरुद्ध १११ होऊन सात वर्षंही झाली नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात काँग्रेसशी कडाडून भांडलेली माणसंही इथं होतीच. तरी या जिल्ह्यानं सगळं बाजूला ठेवलं. मला नाशिकचा अभिमान वाटावा अशा ज्या चार-दोन गोष्टी आहेत, त्यांत ही मी फार वर ठेवतो.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, शेवटपर्यंत सांगायचे, ‘यशवंतरावांना मी मत दिलंय.’ छाती काढून सांगायचे. माझं लहानपण हे ऐकण्यातच गेलं. पुढे तासाची तयारी करताना माझ्या ध्यानात आलं, की बिनविरोध निवडणुकीत मतदानच होत नाही. नाशिकमध्ये यशवंतरावांच्या नावावर कुणीच शिक्का मारला नव्हता. मी एका संध्याकाळी दादांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘गावात बैठक झाली, विरोधात कुणी जायचं नाही म्हणून हात वर केले आम्ही. ते काय होतं मग?’ मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दादा निफाड तालुक्यातल्या जिराईत घरातले. १९६६ साली ते ‘मिगला’ लागले. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याला आमच्याकडे आजही मिगच म्हणतात. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना मिग-२१ विमानाची बांधणी देशात करायचं काम पुढं गेलं. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी वाटणी झाली. नाशिकच्या वाट्याला खुद्द विमान आलं. पंचक्रोशीतली आयटीआय झालेली पोरं, ज्यांच्या घरात तोवर सर्वांत मोठं यंत्र म्हणजे विहिरीवरचं इंजिन होतं, ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब शिकली. दादा फिटर होते. घरातली खिडकीसुद्धा ते गेज लावल्यासारखी डोळा बारीक करून बसवायचे. ओझरवरून विमान उडालं की जेवता जेवता हात थांबायचा. आवाजावरून सांगायचे, काय तपासणी चालली आहे ती.

ही विमानं देशाला किती हवी होती, ते १९६५ साली कळलं. १ सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यशवंतरावांकडे आले. विमानं वापरायची म्हणजे युद्ध वाढवायचं. १९६२ साली तो निर्णय कुणी घेतलाच नव्हता. यशवंतरावांनी काही मिनिटांत परवानगी दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. त्यांतली व्हॅम्पायर जुनाट होती, चार पडली. शत्रूची आगेकूच मात्र मंदावली. मंत्र्याचं काम काय असतं, असं कुणी विचारलं तर मी वर्गात हा प्रसंग सांगतो. तज्ज्ञांचं ऐकायचं, जबाबदारी स्वतःच्या सहीवर घ्यायची आणि उशीर करायचा नाही. सही करणारा माणूस त्या दिवशी नाशिकचा खासदार होता, हे सांगताना माझा आवाज अजूनही जरा चढतो.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. १९५५ साली फलटणला त्यांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना वरचं स्थान दिलं, ते मराठी माणसाला फार लागलं आणि लागायलाच हवं होतं. आणीबाणीत ते परराष्ट्रमंत्री म्हणून राहिले. त्यांच्यासारख्या माणसानं तेव्हा राजीनामा दिला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. १९७९ साली मोरारजींच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनीच आणला आणि चरणसिंगांच्या अल्पायुषी सरकारात ते उपपंतप्रधान झाले. गृह, अर्थ, परराष्ट्र अशी मोठी खाती सांभाळलेल्या माणसाची ती अखेरची वर्षं मला चटका लावतात. नाशिकलाही त्यांनी १९६७ साली सोडलं. त्या निवडणुकीला ते घरच्या साताऱ्यातून उभे राहिले आणि मग तिथलेच राहिले. म्हणजे आमचा धागा जेमतेम चार वर्षांचा. पण तो धागा जुळला तेव्हा दोन्ही बाजूंना त्याची खरी गरज होती.

विद्यापीठ १९८९ साली झालं, यशवंतराव जाऊन पाच वर्षं होत आली होती. पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद. ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी हे विद्यापीठ, आणि त्याला हे नाव अगदी शोभतं. देवराष्ट्रे या आजोळच्या खेड्यात जन्मलेला, वडील लहानपणीच गेलेला पोरगा. आई विठाबाई निरक्षर. १९३२ साली झेंडा फडकवला म्हणून अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि शाळा अर्धवट राहिली. तुरुंगात वाचनाची गोडी लागली, मॅट्रिक झाले ते सुटून आल्यावर. वकिलीची पदवी मिळाली तेव्हा अठ्ठाविशी आली होती. उशिरा शिकणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मुख्यमंत्री झाल्यावर कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी त्यांनी माफ केली, ती ईबीसी सवलत. माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षकांनी फॉर्मवर ती तीन अक्षरं लिहूनच कॉलेज पाहिलं.

माझी आई सातवीनंतर शाळेत गेली नव्हती. विद्यापीठानं पूर्वतयारी परीक्षा सुरू केली होती. ती दिली की दहावी-बारावी नसतानाही बी.ए.ला बसता यायचं. आईनं चाळिशी ओलांडल्यावर फॉर्म भरला. दादा पहाटेच्या बसनं मिगला गेले, भाकऱ्या झाल्या, की ओट्याला टेकून पुस्तक उघडायची. अभ्यासक्रमाची ती मोठ्या आकाराची पुस्तकं, त्यांच्या कडांना पिठाची बोटं लागलेली. इतिहासाच्या पुस्तकात बेचाळीसचा लढा आला तेव्हा तिनं मला बोलावून वाचून दाखवलं होतं. यशवंतरावांचं लग्न जूनमध्ये झालं, नवरा ऑगस्टपासून भूमिगत आणि नव्या नवरीला, वेणूताईंना, पोलिसांनी पकडून नेलं. ‘हिचं नाव कुणी कशाला देत नाही,’ एवढंच ती बोलली आणि पान उलटलं. वेणूताई १९८३ साली गेल्या आणि दीड वर्षात यशवंतरावही गेले, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली, जणू तिला ते आधीच कळलं होतं.

बी.ए. व्हायला तिला पाच वर्षं लागली. ते पदवी प्रमाणपत्र आमच्या बाहेरच्या खोलीत दादांच्या निवृत्तीच्या फोटोशेजारी लावलेलं आहे. मागच्या दिवाळीत पाहुणे जमले असताना कुणीतरी दादांच्या त्या मताची आठवण काढली आणि ते खरं की खोटं यावर वाद रंगला. आई फराळाची ताटं भरत होती. वर न बघता म्हणाली, ‘ह्यांनी मत दिलं की नाही, ते ह्यांचं ह्यांना ठाऊक. परीक्षा मात्र मी दिली.’